बोडीच्या पाळीवरचं मीठ

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी दहाच्या सुमारास, चंद्रपुरात माझ्या घरी समोरच्या खोलीत, माझ्या शेताचा तीस हजार रुपयांचा सौदा बोलला गेला. हजर आम्ही तिघं होतो: मी, माझी बायको आणि पांढऱ्या बोलेरोतून आलेले एक गृहस्थ. सौदा झाला नाही. तरी त्या सकाळपासून माझ्या मागे जे लागलं ते अजून सुटलेलं नाही.

गोंडपिपरी तालुक्यात, जंगलाला अगदी लागून, साडेतीन एकर धानाचं शेत माझ्या नावावर आहे. वडिलांकडून आलेलं. शेताच्या उताराला एक बोडी आहे. आमच्याकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. पावसाचं पाणी पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून अडवायचं आणि धानाला द्यायचं. मी नोकरीसाठी चंद्रपुरात राहतो, त्यामुळे शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं असतं. चांगल्या वर्षी माझ्या वाट्याला खर्च जाऊन वीस हजार येतात, वाईट वर्षी बारा. जंगलाकडचा तुकडा रानडुकरं आणि चितळं खातात. तो मी उत्पन्नात धरतच नाही.

गृहस्थ बोलायला चांगले होते. बायकोने फराळाची ताटली ठेवली तेव्हा उठून नमस्कार केला.

"धान निघाला का पुढचे चार महिने शेत रिकामंच ना तुमचं?" ते म्हणाले. "तेवढेच महिने मले द्या. नांगरू नका, काही पेरू नका. बोडीत पाणी राहू द्या. बस."

"आणि तुम्ही तिथे करणार काय?"

"काही नाई. पाहुणे आणीन. नागपूरचे, हैदराबादचे. चितळ पाहतील, फोटो काढतील."

"फोटोसाठी सफारीच्या गाड्या हायेत ना," बायको म्हणाली.

"तिथी खाली उतरू देत नाई, वयनी."

"उतरून का करतेत?"

त्यांनी करंजी उचलली, अर्धी खाल्ली आणि सारण छान झालं आहे असं सांगितलं. माझ्या बायकोने ताटली त्यांच्या समोरून हलवून टीपॉयच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. तिचा तो स्वभाव आहे. राग आला की तोंडाने बोलत नाही.

मी नाही म्हणालो. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. "तुमचा हिस्सा वीसच्या वर जात नसंल," एवढं म्हणाले, आणि तो आकडा बरोबर होता याचा मला राग आला. मग चहा संपवताना त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो.

"तीन वर्षं झाले, जागा पाहून राह्यलो. चितळ काय, कुठीही दिसते. पण रोज, एकाच जागी, माणूस उभा असताना, न भेता? असं कुठीच नाई पाह्यलं. तुमच्याच पाळीवर येतेत. काऊन येतेत ते मले समजलं नाई."

फाटकापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. गाडीत बसता बसता ते हसून म्हणाले, "तुमी नाई म्हणलं, हरकत नाई. जागा त दिसली ना आता."

दुपारी जेवताना बायकोने विचारलं, "ती बाई अजून तिथी एकटीच राहते?"

मीही तेव्हा तिचाच विचार करत होतो.

बोडीतली मासेमारी मी बऱ्याच वर्षांपासून एका ढिवर जोडप्याला दिलेली आहे. ते पावसाळ्यात मत्स्यबीज सोडतात, माघात मासे काढतात, गोंडपिपरीच्या बाजारात विकतात, आणि मला वर्षाला एक ठरलेली रक्कम देतात. पाळीवर त्यांची कुडाची झोपडी आहे. नवरा दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याच झोपडीत तापाने गेला. मी त्याला भाऊ म्हणत असे. वयाने माझ्याहून बराच मोठा होता. मुलगी आरमोरीकडे दिलेली आहे. तिने आईला चारदा बोलावलं, पण बाई गेली नाही. साठीच्या आसपासची, काटक, तोंडाने फटकळ. पहाटे झुंजूमुंजू व्हायच्या आत ती अनवाणी पाळीवरून जाते, कमरेएवढ्या पाण्यात उतरते आणि जाळं काढते. ज्या वाटेने ती पाण्याला जाते त्याच वाटेने चितळं येतात, कारण पाण्याला उतरायला दुसरी सोपी वाट नाही.

आमच्याकडे शिकार बंदुकीने क्वचित होते. बंदुकीचा आवाज होतो. विजेच्या खांबावरून जिवंत तार ओढतात, खुंट्यांवरून जनावराच्या वाटेत आडवी नेतात आणि निघून जातात. पहाटे येऊन उचलतात. त्या तारेला चितळ कळत नाही आणि माणूसही कळत नाही. यंदाच्या पावसाळ्यात पलीकडच्या गावात रानडुकरासाठी लावलेल्या तारेत एक गुराखी गेला होता, हे मी आणि बायको दोघांनीही ऐकलं होतं. माझ्या शेताच्या कोपऱ्यावरून विजेची लाइन जाते.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या एसटीने गोंडपिपरीला गेलो आणि तिथून ऑटोने गावाला. धान पिकून पिवळा पडला होता. बाई पाळीवर जाळं वाळत घालत होती. मी जवळ गेलो आणि जाळ्याआधी मला खुंट्या दिसल्या. बांबूच्या, एकसारख्या तासलेल्या, गुडघ्याएवढ्या उंच, आणि प्रत्येकीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळलेला.

"ह्या खुंट्या कुठल्या, बाई?"

"सापडल्या. तिकडं वाटेवर कोणं ठोकून ठेवल्या होत्या, ओळीनं. चांगल्या तासल्या हायेत, पाहा ना. उपटून आणल्या. अजून असतील तिकडं पाच-सात, ओझं झालं म्हणून ठेवल्या."

"ह्या तारेच्या खुंट्या आहेत."

"मले का माहीत नाई?" ती जाळ्याची गाठ सोडवत म्हणाली. "तार त नव्हती ना लावली अजून. चांगलं लाकूड काऊन वाया घालवाचं?"

रबराच्या तुकड्यामुळे वीज जमिनीत उतरत नाही. तेवढ्यासाठीच तो असतो. मी एका खुंटीवरचं रबर बोटाने चाचपलं. नवं होतं. ते पाडव्याला आलेल्या माणसाने लावलं असं मी म्हणत नाही. मी पाहिलं नाही.

मग मी तिच्याबरोबर वाटेपर्यंत गेलो. उरलेल्या खुंट्या तिथे होत्या. आणि त्यांच्या पलीकडे, पाळ जिथे पाण्याकडे उतरते, तिथे मातीत एक खळगा होता. मी इतकी वर्षं शेतावर येतो, तो मी कधी पाहिला नव्हता. निदान असा पाहिला नव्हता. परातीएवढा रुंद, वीतभर खोल, आणि आतून इतका गुळगुळीत की एखाद्या कुंभाराने हात फिरवला असावा. भोवती खुरांचे ठसे, एकावर एक, मोजता येणार नाहीत इतके. मी वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट होती.

मी तिच्याकडे बघितलं. ती बोडीकडे बघत होती.

"मीठ तुम्ही टाकता?"

"मासे खारवतो ना आमी. ते पाणी सांडते."

"मासे तुम्ही झोपडीजवळ खारवता. इथे नाही."

पाणकोंबडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली. मग बाई म्हणाली, "अवसेले टाकतो. अन पुनवेले. त्याले बिनमिठाचं जात नसे. तुमाले माहीत हाय."

आणि तेव्हा मला भाऊच्या दहाव्याची सकाळ आठवली.

इकडे गावात माणूस गेला की दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, ज्या जागेवर त्याचा जीव गेला तिथे जमीन सारवून तांदळाचं पीठ पसरतात, सपाट करतात. वर बांबूचं टोपलं पालथं घालतात, बाजूला दिवा ठेवतात आणि दार ओढून घेतात. सकाळी घरातला मोठा माणूस टोपलं उचलतो आणि पिठात काय उमटलं ते बघतो. पाखराचा पाय, सापाची रेघ, लेकराचं पाऊल. जे उमटेल त्या योनीत माणूस गेला असं समजतात. भाऊच्या दहाव्याला मी गेलो होतो आणि दाराशी उभा होतो. त्याच्या थोरल्या भावाने टोपलं उचललं. पिठात एक ठसा होता, मधून दुभागलेला, धानाचा दाणा फोडून दोन्ही अर्धे शेजारी ठेवावेत तसा.

"बकरीचं पिल्लू शिरलं असंल," मागून कोणीतरी म्हणालं.

"टोपल्याखाली? टोपलं उचलून ठेवलं का मंग पिल्लानं?"

"चितळ हाय," थोरल्या भावाने सांगितलं आणि विषय संपला. सगळ्यांना बरं वाटलं होतं. चितळ म्हणजे चांगला जन्म. मला वाटलं, कोणाचं तरी बोट लागलं असेल, उंदीर असेल, टोपलं ठेवतानाच काठ टेकला असेल. मी नारळ ठेवला, जेवलो आणि दुपारच्या गाडीने परत आलो. मला ती गोष्ट आठवायचं कारण नव्हतं.

बाईला मात्र त्या सकाळनंतर दुसरं काही आठवत नव्हतं. पंधरवड्यातून एकदा मूठ-दोन मूठ खडेमीठ, नंतर ओंजळभर. आधी एक-दोन चितळं आली असतील, मग कळप. बाई समोर उभी राहिली तरी ती पळत नाहीत कारण तिने कधी त्यांना पळवलं नाही. बोलेरोतल्या माणसाने तीन वर्षं शोधून जी जागा काढली ती अशी तयार झाली होती.

वडील गेले ते चंद्रपूरच्या दवाखान्यात. आम्ही सगळं रीतसर केलं, पण पीठ पसरलं नाही. दवाखान्याच्या फरशीवर कोण पसरणार आणि कुठे? त्या दुपारी पाळीवर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की आमच्या घरात ते बघायचंच राहून गेलं. मी हे मानत नाही. तरी वाटलं.

खुंट्यांची गोष्ट वनखात्याला सांगणं भाग होतं. मी फोन केला आणि तासाभरात वनरक्षक मोटारसायकलवर आला, तिशीतला, उन्हाने रापलेला. त्याने फोटो काढले, खुंट्या गोळा केल्या. बाईने दोन धरून ठेवल्या.

"सगळ्या नेसान त जाळं कशावर टाकू मी?"

"बाई, हा पुरावा हाय."

"मंग माझं जाळंबी घेऊन जा. पुराव्यासंगं वाळंल."

त्याने हसून एक तिला ठेवू दिली. मग तो खळग्यापाशी गेला, उकिडवा बसला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.

"हे कोणं केलं?"

मी काही बोललो नाही. बाई हातातल्या खुंटीवरची माती झाडत होती.

"ज्यानं केलं त्याले सांगा," तो खळग्याकडेच बघत म्हणाला. "मी गस्त घालीन, पण माझ्याकडं केवढा पट्टा हाय अन माणसं किती. तार लावणाऱ्याले एक सकाळ पुरते. मीठ बंद करा. बंद करून भागणार नाई, मातीच चाटतील. ती माती काढून टाका. अन रोज संध्याकाळी हाकला, पंधरा-वीस दिवस. चितळाची वाट मोडली का तारवाल्याची मोडते." उठताना तो मला म्हणाला, "सातबारा तुमच्या नावानं हाय, भाऊ. इथी चितळ मेला त पह्यले तुमाले विचारतील. माणूस मेला तरीबी."

तो गेल्यावर मी बाईला सगळं समजावून सांगितलं. आरमोरीला मुलीकडे महिनाभर जा, म्हणालो.

"बोडीत बीज सोडलं हाय. कोण पाहील?"

"निदान पहाटे पाण्यात उतरू नका. उजाडल्यावर उतरा."

"उजाडल्यावर मासे बाजारात कधी जातील? तुमी नेसान का, पँट घालून?"

"तार लागली तर काय कराल?"

"मरन. एक दिवस मराचंच हाय."

मी हिशेबाचा माणूस आहे. ज्या गोष्टीची बेरीज होत नाही ती मी बोलत नाही. पण माझ्यासमोर ती बाई होती, तिची अनवाणी वाट होती, आणि माझ्याजवळ तिला पटेल असं एकही कारण नव्हतं. म्हणून मी जे बोललो ते असं:

"तार तुम्हाला नाही लागणार कदाचित, बाई. तार भाऊला लागेल. तुमचं मीठ खायला येईल आणि तिथेच पडेल."

तिचा चेहरा बदलला असं नाही. फक्त हातातली गाठ सोडवणं थांबलं.

"तुमी हे मानत नाई ना?"

"नाही."

"मंग काऊन बोलले?"

ती उठून झोपडीत गेली आणि आतून म्हणाली, "आज थांबा. मले एकटीले जमणार नाई."

मी थांबलो. सूर्य झाडांच्या मागे गेल्यावर पाणी आधी पितळेसारखं झालं आणि मग राखेसारखं. बाई तेलाचा रिकामा पिपा आणि एक दांडकं घेऊन खळग्यापासून वीस-पंचवीस पावलांवर उभी होती. मी तिच्या मागे. काही ऐकू यायच्या आधीच चितळं आली होती. जंगलाच्या काठावर आधी काहीच नसतं. मग बघता बघता तिथे पाय दिसतात, मग कान. माद्या पुढे आल्या, दोन पिल्लं, आणि सगळ्यात शेवटी एक मोठा नर, ज्याचं डावं शिंग मधूनच मोडलेलं होतं. तो सरळ चालत आला. माझ्याकडे त्याने पाहिलं आणि थांबला. बाईकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागला.

"आला," बाई म्हणाली. मला म्हणाली की स्वतःशी, कळलं नाही.

तिने पिपा वाजवला नाही. नर खळग्यापाशी आला, मान खाली घातली आणि चाटू लागला. जिभेचा आवाज येत होता, खरखर, एखादं कोरडं भांडं घासावं तसा.

"बाई," मी हळू म्हणालो.

तिने दांडकं मारलं. माद्या उधळल्या, पिल्लं त्यांच्या मागे. नर दहा पावलं गेला आणि वळून उभा राहिला. तिने पुन्हा मारलं, पुन्हा, आणि तो तसाच उभा.

"जा," ती म्हणाली. "जा म्हणून राह्यली ना मी."

तो उभाच.

"जिता होता तवा सांगतलेलं ऐकलं नाई, आता ऐकते का," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग वाकून तिने ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. ते त्याच्या पायाशी फुटलं. दुसरं त्याच्या खांद्याला लागलं. ठिपक्यांवर मातीचा एक डाग उमटलेला मला त्या उजेडातही दिसला. त्याने तिच्याकडे बघितलं. मला जनावरांचं काही कळत नाही, आणि जे मला दिसलं ते मी त्याच्या डोळ्यांत घातलेलं असू शकतं. पण बाजारात ओळखीच्या माणसाने न ओळखल्यासारखं करून पुढे जावं आणि आपण तिथेच उभं राहावं, तसा तो उभा होता. मग वळला आणि गेला. पळाला नाही. चालत गेला.

बाई पिपा टेकवून खाली बसली. मी पाणी आणून दिलं. ती म्हणाली, "जेवून जा. भात हाय." आम्ही जेवलो. तिने स्वतःच्या ताटात मीठ घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावून खळगा आणि त्याच्या भोवतीची माती फूटभर खोल काढून घेतली. ती माती कुठे टाकायची हा प्रश्न आला. शेतात टाकली तर धान येणार नाही, जंगलात टाकली तर तिथे नवा खळगा होईल. ट्रॅक्टरवाला म्हणाला, गावात त्याच्या मावसभावाच्या घराचं जोतं भरायचं आहे. दीड ट्रॉली माती तिथे गेली. आज त्या जोत्यावर फरशी आहे, वर लेकरं खेळतात. दिवेलागणीच्या वेळी मी त्या घरावरून जायचं टाळतो. कारण विचारलं तर मला सांगता येणार नाही.

जागा भरून तिथे साधी माती दाबली. मी चंद्रपूरला परतलो. बाईकडे साधा फोन आहे. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी तो लावत असे.

"आले का काल?"

"आले. माती हुंगत होते. हाकलले."

"आणि तो?"

"तोबी."

काही दिवसांनी: "माद्या नाई आल्या. तो आला. दुरून पाहून गेला."

मग एकदा: "काल मी त्याले लय वाईट बोलली."

"काय बोललात?"

"ते तुमाले कशाले? नवराबायकोतलं हाय."

बायको समोर डबा भरत होती. ती हसली, आणि मग डब्याचं झाकण लावून थांबली. तिने विचारलं, "बाईले असं कराले लावून आपण बरं केलं ना?" मी म्हणालो, तार लागली असती. ती म्हणाली, ते मले समजते.

मध्ये वनरक्षकाचा फोन आला. पट्ट्यात दुसरीकडे, माझ्या शेतापासून लांब, त्याला तशाच खुंट्या सापडल्या होत्या, त्याच रबराच्या. म्हणजे त्यांनी आमची जागा सोडली होती. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच वेळी मनात आलं की इथून हाकललेली चितळं कुठेतरी गेली असणार, आणि ती कुठे गेली ते मला माहीत नाही.

एका सकाळी बाईने फोन उचलला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "काल कोणी नाई आलं." त्यानंतर रोज तेच. चार दिवसांनी ती म्हणाली, "आता फोन नका करू, भाऊ. नाई येत तो."

माघात मासे निघाले तेव्हा मी गेलो. बाई धडधाकट होती. पहाटे पाण्यात उतरत होती, त्याच वाटेने. वाटेवर फक्त तिच्या पावलांचे ठसे होते. मासे चांगले निघाले होते आणि तिने मला ठरलेली रक्कम दिली, नेहमीसारखी. संध्याकाळ झाल्यावर मात्र ती जंगलाकडे पाठ करून बसली. चूल पूर्वी ज्या बाजूला होती तिथून तिने ती उचलून दुसऱ्या बाजूला मांडली होती. मी तिच्या समोर बसलो होतो, त्यामुळे माझं तोंड जंगलाकडे होतं, आणि मी तिकडे बघत होतो हे मला बऱ्याच वेळाने कळलं. काठावर काही नव्हतं. तसं काही नसतंच आधी.

मी पैसे सोबत नेले होते. आमच्याकडे शेताची राखण करायला माणूस ठेवला की त्याला मजुरी असते. तिने वीस संध्याकाळी माझ्या शेतावरून जनावरं हाकलली, मजुरीच्या दराने सहा हजार होत होते. मी ते तिच्यापुढे ठेवले.

"हे काहाचे?"

"राखणीचे."

तिने नोटांकडे पाहिलं, हात लावला नाही. "नवऱ्याले हाकलाची मजुरी घेऊ का मी?"

मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, तसंच हाय. मी नोटा उचलल्या. मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "दुकानात मिठाची उधारी हाय. मासे विकून देणार होती. पण माशाच्या पैशातून ते द्याले मन करत नाई. याच्यातून तेवढेच घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गावातल्या किराणा दुकानात गेलो. दुकानदाराने हिशेब सांगितला आणि हसला.

"बाई, एवढं मीठ? माशाचं लोणचं घालते का?"

"घालतो. मासे संपले का तुलेच घालीन."

"देऊ का अजून?"

"नाई."

मी तिच्या हातात पैसे दिले आणि तिने ते दुकानदाराला दिले. शेवटी एवढेच पैसे दिले गेले: तीस किलो खडेमिठाचे तीनशे साठ रुपये, गावातल्या किराणा दुकानदाराला, बाईच्या हातून.